वाटेवर जमवलेली वाकळ : पुणे ते इलकल, गाडीत बसून हातकाम (मदत हवी आहे)

धावदोरा
नमस्कार मंडळी. डिसेंबरात गाडी काढून पुणे-कोल्हापूर-बेळगाव-धारवाड, मग बदामी-गुळेदगुड्ड-इलकल आणि परत येताना विजापूर-सोलापूर असा गोल मारायचं चाललंय. गाडी नवरा चालवणार (दुसऱ्याने चालवलेली त्याला सहन होत नाही), मी आणि सासूबाई मागे. बदामी-पट्टदकल बघायचंच आहे पण यावेळी खरं काम वेगळं आहे. लेकीला हॉस्टेलवर न्यायला एक पातळ वाकळ शिवायचीय आणि तिचे तुकडे घरच्या बोचक्यातून न काढता वाटेवर जमवायचे, म्हणजे प्रत्येक मुक्कामी तिथलं कापड घ्यायचं आणि पुढचा मुक्काम येईपर्यंत ते जोडून टाकायचं. "घरी गेल्यावर बघू" म्हणून आणलेलं कापड कपाटात कसं मुरतं ते इथे कुणाला सांगायला नको.

तर प्रश्न. चालत्या गाडीत नक्की कुठलं काम जमतं? खण, इरकल, खादी असं सगळं एकाच वाकळीत घातलं तर टिकेल का? आणि विणकरांच्या घरी असं सरळ जाऊन उभं राहिलेलं चालतं का, की दुकानातूनच घ्यायचं?

क्रोशेवेडी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण माझं निम्मं क्रोशाकाम गाडीतच होतं. नियम एकच, ज्या कामात सारखं मोजावं लागतं ते चालत्या गाडीत करायचं नाही. मान खाली, डोळे बारीक भोकांवर आणि गाडी वळणावर, दहा मिनिटांत मळमळायला लागतं. क्रोशाचे सरळ चौकोन, वाकळीचा धावदोरा, झालंच तर फुलं-पानं कातरून ठेवणं, एवढं चालतं. घाटात हातातलं ठेवून खिडकीबाहेर बघायचं.

धावदोरा
अरेरे, मी कसूतीचा (धारवाडकडचं भरतकाम) एक पॅच करत करत जाणार होते.

हुबळीची_मावशी
धावदोरा, कसूती गाडीत अजिबात नको गं. मी लग्न होऊन हुबळीत आले आणि सासरच्यांकडून शिकले, घरात बसूनसुद्धा धागे मोजताना कुणी हाक मारली की चिडचिड होते. त्यात कापडाचे धागे मोजून टाके घ्यायचे असतात, खाली छापलेलं काही नसतं. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके. गवंती म्हणजे जाताना एक टाका सोडून एक घ्यायचा आणि त्याच वाटेने परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या, मुरगी तसाच पण पायऱ्यापायऱ्यांनी जातो. हे दोन्ही उलटसुलट सारखे दिसतात, आणि गाठ मारायची नाही. त्यामुळे मधेच धागा संपला किंवा कुठून आलो ते विसरलं की मागे उसवत जायचं. नेगी विणल्यासारखा लांब-आखूड, मेंथी म्हणजे फुलीचा टाका. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन ही नेहमीची चित्रं. पूर्वी काळ्या चंद्रकळेवर काढायचे.

तुला करायचंच असेल तर धारवाडच्या मुक्कामी रात्री लॉजवर बस आणि आधी जाड मोकळ्या विणीच्या कापडावर हात बसव. खणावर थेट मोजता येत नाही, वीण फार घट्ट असते. त्यावर जाळीचा कॅनव्हास टाचून टाके घालायचे आणि मग जाळीचे धागे एकेक ओढून काढायचे.

चाक_आणि_चकली
जाताना एक सोडून एक आणि परतताना राहिलेल्या जागा भरायच्या. मावशी, ही कसूती आहे की एसटीचा ड्रायव्हर सवाऱ्या घेतोय?

हुबळीची_मावशी
हाहा. तू आमच्याकडे ये, तुला सुईच देते हातात.

निपाणीकर
चर्चा वाचून राहवलं नाही. कोल्हापूरहून निघताय तर दोन गोष्टी. पहिली, हायवे सोडून थोडं आत पट्टणकोडोलीला जा. सणगर लोक घोंगडी विणतात, दख्खनी मेंढीची लोकर, खड्ड्यातला माग, आणि ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावतात. खळ लावलेली नवी घोंगडी हातात घेतली की पुठ्ठ्यासारखी कडक लागते. वाकळीत घोंगडी घालू नका, टोचते आणि एवढ्या जाड थरातून सुई जाणार नाही. बसायची पट्टी घ्या आणि तिच्या कडेने लोकरीचा टाका घाला, ते काम गाडीत मस्त होतं, मोठी सुई, मोठे टाके.

दुसरी गोष्ट चपलांची. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, इकडचे चार जिल्हे आणि तिकडचे चार. त्यामुळे "खरी कोल्हापुरी फक्त कोल्हापुरात" असं जे लोक ठासून सांगतात त्यांनी एकदा कर्नाटकातल्या अथणीला जाऊन यावं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, खिळा नाही, शिवण कातड्याच्याच वादीची. चपला घेतल्यात तर कारागिराकडे वादीचे उरलेले तुकडे मागून बघा, पिशवीला बंद म्हणून लावता येतात.

विरजण
सगळे उत्साहात आहेत तर मी जरा विरजण घालतो, नावाला जागून. मला एक कळत नाही, हातमागावरची नवीन इरकल घ्यायची आणि कात्री लावून तिचे चौकोन करायचे याला हस्तकलेचं प्रेम म्हणायचं का? विणकराने पदर जोडायला जो जीव काढलेला असतो तो तुम्ही दोन इंचाच्या ठिगळात बसवणार. वर त्याच्या दारात जाऊन फोटो काढणार. हे माझं वैयक्तिक मत, पण रोडट्रिपवाल्यांचं हे "कारागीर दर्शन" मला प्राणिसंग्रहालयासारखं वाटतं.

धावदोरा
विरजण, प्रश्न रास्त आहे. नवीन इरकल कापणार नाहीये. सासूबाईंची एक जुनी आहे, अंगाला विरलेली पण काठ आणि पदर धडधाकट, तीच घेऊन चाललोय. कापू का नको हे तिथल्या विणकरालाच विचारीन म्हणते.

हुबळीची_मावशी
खणाचं मात्र मनाला लावून घेऊ नका, खण कापण्यासाठीच विणलेला असतो. पन्हा कमी, एक चोळी बसेल एवढं माप, नाहीतर ओटीला. गुळेदगुड्डचा खण पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रातच खपला, तुमच्याच आज्यांनी तो माग चालवला म्हणा ना. व्यापाऱ्यांना मराठी येतं.

फक्त पॉवरलूमचा घेऊ नकोस. बाजारात बराचसा खण आता तोच असतो, डिझाइन तेच, उलट बाजू बघितली की थोडा अंदाज येतो पण नवख्याला फसायला होतं. म्हणून दुकानात "हातमागाचा कुठला" एवढं न विचारता "माग कुठे बघायला मिळेल" असं विचार. मागापर्यंत नेतात.

एक_पळस
टिकण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय, मी गोधड्या शिवून विकते. लाल खण पांढऱ्या खादीशेजारी लावायच्या आधी धुवून बघ, रंग सुटला तर आख्खी वाकळ गुलाबी होईल. खादी आणि हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, खण तेवढा आटत नाही, मग शिवल्यावर धुतलं की सगळं चुरगळून गोळा होतं. तेव्हा रोज संध्याकाळी लॉजवर घेतलेला तुकडा भिजवायचा, दुसऱ्या दिवशी गाडीच्या मागच्या काचेशी पसरून वाळवायचा. आणि खणाच्या कापलेल्या कडेचे धागे फार सुटतात, शिवणीला नेहमीपेक्षा जास्त कापड सोड नाहीतर कड दुमडून घे. रिळाचा साधा दोरा नको, जाड सुती दोरा घे आणि मेणावरून ओढून घे, तुटत नाही. अंगुस्तान विसरू नकोस.

अस्तराला जुनं धुवट सुती लुगडं, त्याला तोड नाही.

स्टेअरिंगधारी
मी ड्रायव्हर पक्षातर्फे बोलतो. कृपा करून सुया-कात्र्या घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. पुढे एअरबॅग आहे, अर्जंट ब्रेक लागला आणि एअरबॅग उघडली तर हातातली सुई, क्रोशाचा हुक, कात्री कुठे जाईल विचार करा. मागे बसा, पट्टा लावा, टोकदार वस्तू काम नसताना डब्यात. आमच्या गाडीत एकदा सुई सीटच्या फटीत गेली ती अजून तिथेच आहे आणि त्या सीटवर मी पाहुणे बसवतो.

क्रोशेवेडी
त्यावर उपाय, गोळ्यांचा पत्र्याचा छोटा डबा, आत एक लोहचुंबक चिकटवायचं. सुई आपोआप चिकटून बसते. शिवाय निघताना सुया मोजून घ्यायच्या आणि उतरताना मोजायच्या, सरळ हिशेब.

उसगावकर
इकडे अमेरिकेत गोधडीवाल्यांचं 'शॉप हॉप' असतं. एका भागातली क्विल्टची दुकानं मिळून ठरवतात आणि बायका (आणि थोडे पुरुषही) गाड्या घेऊन एका दुकानातून दुसऱ्यात जातात, प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून घ्यायचा, एखादा ब्लॉक किंवा पॅटर्न मिळतो. मजा असते पण शेवटी ते दुकान ते दुकान आहे, सगळीकडे तेच छापील कापड. तुमच्या वाटेवर गावागणिक कापड बदलतं याचा मला इथे बसून हेवा वाटतोय. फोटो टाका नक्की.

हुबळीची_मावशी
अजून एक, धारवाडहून एक दिवस काढून हल्याळकडे जा. सिद्दी बायका कवंदी (त्यांची गोधडी) करतात. मूळ आफ्रिकेतून आलेला समाज, आता हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहतात, घरात कोकणीसारखी भाषा बोलतात, पुष्कळांना मराठी कळतं. त्यांची पद्धत आपल्यापेक्षा उलटी. आपण आधी थर अंथरतो, वर तुकडे मांडतो आणि मग धावदोरा घालतो. त्या कोपऱ्यातून सुरू करतात आणि कडेकडेने फिरत आत मध्यावर येतात, तुकडा हाताला येईल तसा, कड दुमडून तिथेच टाका. आधी आखून ठेवलेलं काही नाही. मला वाटतं गाडीत करायला आपल्या पद्धतीपेक्षा हीच बरी, कारण सगळे तुकडे एकदम लागत नाहीत, जे मिळेल ते पुढे लावत जायचं. शेवटी चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या म्हणतच नाहीत.

विरजण
हे आवडलं. कवंदीबद्दल माहीत नव्हतं. (विरजणाला साखर लावली असं समजा.)

निपाणीकर
हुबळीवरून जाताय तर खादीसाठी बेंगेरी. राष्ट्रध्वज शिवणारं खादी संघाचं युनिट तिथे आहे, संघ १९५७ सालचा, ध्वजाला बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणपत्र २००६ चं. ध्वजाचं कापड विणलं जातं बागलकोट जिल्ह्यात तुळसीगेरीला, म्हणजे तुमच्या बदामीच्याच बाजूला. २०२१ च्या शेवटी ध्वजसंहिता बदलून मशीनचा पॉलिस्टरचा झेंडाही चालेल असं केलं, त्याचा फटका यांना बसला. ध्वजाचं कापड अर्थातच वाकळीला मागू नका, पण शर्टाची, धोतराची खादी त्याच हातांची असते.

धावदोरा
मंडळी, आलो परत! उशीर झाला, कारण पुण्यात शिरल्या शिरल्या लेकीची परीक्षा संपली आणि ती वाकळ घेऊन गेली, फोटो तिच्याकडून मागवलेत. सविस्तर लिहिते, लांबलंय, चहा घेऊन बसा.

खंबाटकी घाटात मी काहीच केलं नाही, क्रोशेवेडीची आज्ञा. पट्टणकोडोलीत घोंगडीची पट्टी घेतली आणि निपाणीपर्यंत तिच्या कडेचा एक मोठा भाग झालासुद्धा. सासूबाईंना काम हवं होतं, दुसऱ्या बाजूने त्यांनी सुरुवात केली, त्यांचे टाके माझ्यापेक्षा एकसारखे आलेत हे आमच्या घरात आता रोज ऐकू येतं.

हल्याळला गेलो. मावशी, तुमच्यामुळे. एका अंगणात दोघी कवंदी घेऊन बसल्या होत्या, माझ्या हातात माझं अर्धवट काम होतं ते बघून त्यांनीच विचारलं हे काय. मला वाटतं सगळ्या प्रवासात हीच गोष्ट कामाला आली, आपल्या हातात काम असलं की आपण "बघायला आलेले" राहत नाही, समोरच्यालाही आपल्याला काहीतरी दाखवायचं असतं आणि चुकाही काढायच्या असतात! माझे टाके लांब आहेत असं एकीने स्पष्ट सांगितलं आणि सुई माझ्या हातातून घेऊन एक ओळ घालून दाखवली. टाका घेताना त्या कापड डाव्या हाताने सुईवर चढवतात, सुई जवळजवळ जागेवरच, म्हणून ओळ भराभर जाते. तेव्हापासून वाकळ कवंदीसारखीच केली, कडेकडून आत.

धारवाडला कसूतीचा एक छोटा गोपूर करायला घेतला तो अजून गोपूर झालेला नाही, पाया झालाय. त्यावर जास्त बोलत नाही.

गुळेदगुड्डला माग बघायला मिळाला, अगदी मावशींच्या वाक्याने. गल्लीत शिरलं की खटखट ऐकू येतं पण त्यातलं बरंचसं पॉवरलूमचं, हातमागाचा आवाज वेगळा, मधे दम घेणारा. आजोबा विणत होते. खणावरची नक्षी वरून भरलेली नसते, ताण्यातच जास्तीचे धागे असतात आणि तेच वर-खाली होऊन नक्षी उमटते, हे मला बघेपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्या सुनेने एक खण उलगडून दाखवला आणि परत त्रिकोणी घडी घातली, ती घडी मला अजून जमलेली नाही. गडद लाल आणि एक शेवाळी असे घेतले, किमतीत घासाघीस केली नाही, नवऱ्याने करायला तोंड उघडलं तेव्हा सासूबाईंनीच त्याला गाडी सावलीत लावायला पाठवलं.

मग अमीनगडला करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई, गाडीत हाताला चिकटते, काम बंद) आणि इलकल. तिथे सासूबाईंची जुनी इरकल काढली. विणकराने आधी पदर बघितलाच नाही, साडी उलटी केली आणि अंग संपून पदर सुरू होतो त्या रेषेवरून नख फिरवलं. म्हणाले कोंडीची आहे. तिथे अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा एकमेकांच्या फासात अडकवलेला असतो, शिवण नाही, गाठही दिसत नाही, फक्त बोटाला किंचित उंचवटा लागतो. मी इतकी वर्षं ही साडी हाताळत होते आणि तो उंचवटा कधी जाणवला नव्हता. त्यांनी सांगितलं की असा टोपपदर हवा असेल तर एका साडीपुरता ताणा वेगळा लावावा लागतो, एका ताण्यावर लांबच लांब विणत जाता येत नाही, त्यात वेळ जातो, म्हणून बरेच जण ते टाळतात. पदरावरचे ते लाल-पांढरे टोप, शिखरांसारखे, ते दिसायला सोपे वाटतात.

विरजण, तुमचा प्रश्न विचारला. कापू का? ते म्हणाले अंग कापा, अंग विरलंच आहे, पण कोंडीला कात्री लावू नका, एक फास सुटला तर रेष उसवत जाते. म्हणून पदर जोडाच्या दोन्ही बाजूंचं कापड ठेवून आख्खा काढून घेतला आणि वाकळीच्या मध्यावर एकसंध बसवला. अंगाच्या पट्ट्या कडेला गेल्या.

सोलापुरात चादरी घेतल्या, त्याबद्दल काय लिहायचं, सगळ्यांच्या घरी आहेत.

एक_पळस
वा! पदर मध्यावर, फार छान. रेशमी पदरावरून धावदोरा घातलास का? घातला असशील तर टाके बारीक ठेव, रेशमावर लांब टाका ओढला जातो आणि बारीक चुण्या पडतात. मी पदराच्या फक्त कडेने आणि टोपांच्या रेषेने घालते.

धावदोरा
कडेनेच घातलाय. मधे सोडलाय. आणि लाल खणाने रंग सोडला होता हो, दोन बादल्या पाणी गुलाबी झालं, लॉजच्या माणसाने माझ्याकडे कसं बघितलं ते विचारू नका. शिवायच्या आधी धुतला म्हणून खादी वाचली.

विरजण
कोंडीचं वर्णन आवडलं. माझे शब्द अर्धे मागे. फोटोवाल्यांबद्दलचे अर्धे तसेच.

उसगावकर
वाचनखूण साठवली. पुढच्या भारतवारीत आईला घेऊन हाच गोल करणार, तिला कन्नड येतं. इलकलला गाडीतून पाठीला त्रास न होता पोचायला मधे कुठे मुक्काम टाकला?

धावदोरा
बदामीला दोन रात्री, तिथून गुळेदगुड्ड वीसेक किलोमीटरच आहे, सकाळी माग बघून दुपारी ऐहोळे किंवा पट्टदकल करता येतं. आईंना पायऱ्या चालत नसतील तर बदामीच्या लेण्या सोडून द्या, पट्टदकल सपाट आहे. गुळेदगुड्डला जेवायचं फार काही नाही, बदामीतून भाकरी, शेंगाचटणी बांधून न्या.

स्टेअरिंगधारी
सगळ्यांनी सगळं सांगितलं. ज्याने एवढी गाडी हाकली त्या माणसाने या प्रकल्पात नक्की काय केलं?

धावदोरा
चहाला थांबलो की पुढच्या टप्प्याच्या सगळ्या सुयांत दोरे ओवून दिले. आम्हा दोघींना आता चष्म्याशिवाय ते जमत नाही आणि त्याचं दूरचं-जवळचं दोन्ही शाबूत आहे.